बाबांचे १२० रोलचे तीन कॅमेरे : वापरात कसे आणावेत, पावसाळ्यातून कसे जपावेत?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय थोडा आडवाटेचा आहे, पण जुन्या कॅमेऱ्यांवर जीव असलेले चार-पाच जण तरी इथे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून धीर केला.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. १९७४ला सुरू केला, २००९ला बंद केला. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांचे तीन कॅमेरे माझ्याकडे आले आहेत, तिन्ही १२० रोलचे, म्हणजे रुंद फिल्मवर बारा चौकोनी फोटो काढणारे, एकावर एक दोन लेन्सचे. रोलीकॉर्ड व्हीबी त्यांनी मुंबईत बोरा बाजारातून सेकंडहॅंड घेतला होता. स्टुडिओतले पासपोर्ट आणि कुटुंबाचे फोटो त्याच्यावर. मामिया सी३३० नंतर आला. आणि याशिका मॅट १२४जी हा लग्नाचा कॅमेरा. तालुक्यातली शेकडो लग्नं त्याने पाहिली आहेत. अंतरपाट धरल्यापासून वरातीपर्यंत पाच रोल, म्हणजे साठ फोटो. त्यात सगळं बसवायचं. एकही फ्रेम वाया जाता कामा नये.

खंडेनवमीला बाबा आंघोळ करून तिन्ही कॅमेरे पांढऱ्या पंचावर मांडत. पूजेआधी प्रत्येकाचं शटर एका सेकंदापासून पाचशेपर्यंत, एकेका वेगावर दहा-दहा वेळा मारत. मी शेजारी बसून मोजायचो. एक सेकंदाची ती 'घर्रर्र-टक' अजून कानात आहे. हळदकुंकू मात्र कॅमेऱ्याला कधीच लावलं नाही, ते चामड्याच्या केसला. 'कुंकवाचा एक कण शटरमध्ये गेला तर वर्षाचं काम गेलं,' असं म्हणायचे. शेवटची चार-पाच वर्षं हात थरथरायला लागले आणि हे थांबलं.

आता स्थिती सांगतो. रोलीकॉर्डची काच टॉर्चमध्ये धुरकट दिसते, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे. १/३० च्या वरचे वेग बरे वाटतात. एक सेकंदावर घरघर सुरू होते आणि मध्येच थांबते, पाती उघडीच राहतात. मामिया चालतोय असं वाटतं.

याशिकाची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ला पहाटे पाणी आलं तेव्हा तो खालच्या काचेच्या कपाटात होता. दोन दिवस गाळाच्या पाण्यात. पाणी ओसरल्यावर बाबांनी तो उचलला आणि वाळू दिला नाही. नळाला पाणी नव्हतं, म्हणून पिण्याच्या बाटल्यांचं पाणी बादलीत ओतून त्यात तीनदा बुडवला. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग हुड उघडून, मागचं दार उघडून सावलीत. हे ते २००५च्या पुरात शिकले होते. तेव्हा निगेटिव्हचे डबे भिजले. ज्या पट्ट्या ओल्या असतानाच सोडवून धुतल्या त्या वाचल्या, ज्या वाळल्या त्या एकमेकींना चिकटल्या त्या कायमच्या. २०२१च्या त्या धुण्यानंतर याशिका स्टीलच्या डब्यात गेला आणि आजवर उघडलेला नाही. फिल्म पुढे सरकवणारी क्रॅंक पाव वळसा फिरते आणि अडते. मी जोर लावलेला नाही.

मला हे कॅमेरे शोकेसमध्ये ठेवायचे नाहीत, वापरायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

बाराफ्रेम

जोर लावला नाहीत हे सगळ्यात चांगलं केलंत. अर्धेअधिक जुने कॅमेरे बंद पडतात ते 'बघू जरा दाबून' या एका क्षणात.

आधी रोलीकॉर्ड. कमी वेगावर अडणं हा या वयाच्या लीफ शटरचा, म्हणजे लेन्समधल्या पात्यांच्या शटरचा, नेहमीचा आजार. १/३० च्या खालचे वेग मोजायला आत घड्याळासारखी बारीक दातेरी चाकांची एक गाडी असते. तुम्ही म्हणता ती घर्रर्र म्हणजे त्या चाकांचा आवाज. साठ वर्षांत तिथलं वंगण सुकून गोंदासारखं होतं. स्प्रिंग तीच आहे, ताकद तीच आहे, चाकं चिखलात चालताहेत. म्हणजे काही तुटलेलं नाही, सफाई हवी आहे.

कृपा करून त्यात तेल सोडू नका. शिवणयंत्राचं नाही, स्प्रेचं तर नाहीच. शटरची पाती कोरडी चालायला बनवलेली असतात. तेलाचा एक थेंब पसरला की पाती एकमेकांना चिकटतात, आणि तेच तेल पुढे वाफेने काचेवर बसतं. सर्व्हिस करणारा माणूस शटर उघडून जुनं वंगण नॅप्थ्याने (पेट्रोलसारखं लगेच उडणारं द्रावण) धुतो आणि चाकांच्या टोकांना सुईच्या अग्राने नवीन लावतो, तेही दिसणार नाही इतकं.

सर्व्हिसआधी आणि नंतर वेग तपासायला महागडं यंत्र लागत नाही. मागचं दार उघडा, मागून खिडकीचा उजेड येऊ द्या आणि समोरून फोनवर स्लो मोशन घ्या. सेकंदाला २४० फ्रेमने घेतलंत तर १/३० ला आठ फ्रेम उघड्या दिसायला हव्यात, १/१५ ला सोळा. १/५०० या पद्धतीने मोजता येत नाही, त्यासाठी रोल टाकून निगेटिव्हच बघायची.

अजून एक सवय लावून घ्या. १/५०० हवा असेल तर शटर कॉक करण्याआधी, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणण्याआधी, तो वेग लावा, नंतर नाही. त्या वेगाला जादा स्प्रिंग गुंतते. आणि सेल्फ टायमरला हात लावू नका. अडकला तर शटरच अडकून बसतं.

ब्राउनश्वाइगकर

धागा वाचून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं ब्राउनश्वाइगमध्ये नोकरीला आहे, आणि तुमचा रोलीकॉर्ड याच गावात जन्मला.

पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके हे दोघे आधी याच गावातल्या फोइक्टलेंडर या कॅमेरा कंपनीत होते. १९२०ला त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पहिल्यांदा बनवले ते स्टिरिओ कॅमेरे, तीन लेन्सचे. दोन बाजूंच्या लेन्स फोटो घ्यायला, मधली बघायला. त्यातल्या रोल फिल्मच्या मॉडेलचं नाव रोलायडोस्कोप, तिथून 'रोलाय' हा शब्द आला. तीनपैकी एक लेन्स काढून उरलेल्या दोन उभ्या लावल्या की तुमच्या हातातला कॅमेरा होतो. पहिला रोलीफ्लेक्स १९२९चा. रोलीकॉर्ड १९३३पासून, कमी किमतीचा धाकटा भाऊ. क्रॅंकच्या जागी गोल बटण, फिल्म ओढली तरी शटर आपोआप कॉक होत नाही. व्हीबी ही त्या घराण्यातली शेवटची, १९६२ ते १९७७.

कामावर जाताना मी झाल्झडालुमर श्ट्रासवरून जातो, जुना कारखाना तिथेच होता. पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा साताऱ्याच्या आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्या काकांची आठवण झाली. त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर हेच गाव कोरलेलं होतं आणि मला ते वाचता यायचं नाही.

व्हीबीचं एक सोयीचं आहे. वरचं हुड स्क्रूशिवाय निघतं. ते काढून फोकसिंग स्क्रीन उचललीत की आरसा समोर. पण आरसा पुसू नका! त्याची चांदी काचेच्या मागे नसते, पुढे उघडी असते. फुंकणीने धूळ उडवायची, बस. कापड लावलंत तर ओरखडे नाही, चांदीच निघते.

निशिगंधा_के

फंगसबद्दल मी लिहिते, कारण डोंबिवलीत राहून दोन लेन्स गमावल्या आहेत.

तुम्ही म्हणताय ते कोळ्याचं जाळं म्हणजे फंगसच. हिला काच खायची नसते. काचेवरचा तेलाचा अंश, धूळ आणि दमट हवा एवढ्यावर ती जगते. पण वाढताना जे आम्ल सोडते ते काचेवरच्या पातळ थराला, कोटिंगला, आणि पुढे काचेला कायमचं कोरतं. लवकर काढली तर डाग राहत नाही. कडेलाच असेल तर फोटोत फरकही दिसणार नाही. धुरकटपणा वेगळा, तो बहुधा वंगणाच्या वाफेचा थर असतो आणि सर्व्हिसमध्ये पूर्ण निघतो.

लोक विचारतात, एकीची फंगस दुसरीला लागते का? बीजं हवेत सगळीकडे असतातच, प्रश्न ओलाव्याचा आहे. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की धोका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हायग्रोमीटरचा (आर्द्रता मोजायच्या यंत्राचा) काटा ८०च्या खाली येत नाही. चिपळूणला तर त्याहून वर असणार.

सगळ्यात आधी कॅमेरे चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. त्या केससारखं फंगसचं माहेर दुसरं नाही. चामडं दमट हवा धरून ठेवतं. केस जपायची असेल तर वेगळी जपा. कॅमेऱ्यांसाठी रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा मोठा डबा, धान्याला वापरतो तो. तळाशी सुती पिशवीत पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर. ४५ ते ५० टक्के ठेवायचं. ३०च्या खाली नको, कॅमेऱ्यावरचं चामडं आणि वंगण सुकायला लागतं. मी केशरी रंगाचं जेल वापरते, ओलं झालं की हिरवं होतं. मग जाड कढईत अगदी मंद आचेवर हलवत राहायचं, पुन्हा केशरी झालं की गार करून डब्यात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. निळं जेलही मिळतं, पण त्यातला रंग कोबाल्टचा असतो, स्वयंपाकघरात नको.

चारपाच कॅमेरे झाले की सरळ इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट घ्यावं. डांबरगोळ्या मात्र कधीही नकोत. त्यांची वाफ काचेवर जमते.

जुनाबाजार_रविवार

आमच्या आजोबांच्या स्टुडिओत कपाटात पंधरा वॅटचा बल्ब चोवीस तास जळत असायचा. कोकणातल्या सगळ्या स्टुडिओत हीच पद्धत होती. त्याने कॅमेरे वाचलेच की.

निशिगंधा_के

वाचले, नाकारत नाही. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. पण बल्बने हवेतलं पाणी जात नाही, हवा गरम होते म्हणून आर्द्रता कमी दाखवते. वीज गेली की कपाट गार आणि ओलावा पुन्हा तिथेच. शिवाय सततच्या उबेने वंगण पातळ होऊन शटरकडे सरकतं. वाशिष्ठीकाठ यांच्या लेन्सवर धूर आहे. बाबांच्या कपाटात बल्ब होता का?

वाशिष्ठीकाठ

होता. रोलीकॉर्ड बरोबर त्याच्या वरच्या फळीवर असायचा.

जुनाबाजार_रविवार

ताई, पटलं. घरी गेल्यावर पहिलं काम बल्ब काढायचं.

आता जमवण्याबद्दल थोडं. मी पुण्याचा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पंधरा वर्षं फिरलो आणि एका टप्प्यावर माझ्याकडे २३ कॅमेरे होते. दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीत सगळे टेबलावर मांडून तपासले. चौदा चालत नव्हते. घेताना त्यातले अकरा चालत होते. म्हणजे माझ्या कपाटात राहून ते बंद पडले. त्या रात्री झोप लागली नाही. आता सहा ठेवले आहेत. बाकीचे बहुतेक दुरुस्त करून, वापरतील अशा मुलांना दिले. प्रत्येकातून वर्षाला किमान दोन रोल जातात. जात नसतील तर तो कॅमेरा माझ्याकडे असायचं कारण नाही, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

नवीन घेणाऱ्यांसाठी, मी बाजारात कॅमेरा हातात आला की काय बघतो ते सांगतो. मागचं दार उघडून लेन्सच्या मागून टॉर्च मारतो, पुढून बघतो. समोरून टॉर्च मारून काही कळत नाही. एक सेकंद वाजवून ऐकतो. फोकसचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो, मध्ये कुठे जड लागलं तर कधीतरी पडलेला असतो. दोन्ही लेन्सची पट्टी बाजूने डोळ्यासमोर धरतो, तिरकी वाटली तर सोडून देतो. आणि फिल्म जिथे टेकते त्या रुळांवर बोट फिरवतो.

घडीचे कॅमेरे आवडत असतील तर आगफा इझोलेटपासून सावध. कॅमेरा गोड, लेन्स छान, पण आतलं हिरवं वंगण दगडासारखं घट्ट होतं आणि फोकसची पुढची काच फिरतच नाही. लेन्स आणि बॉडीमधल्या घडीच्या भात्याच्या कोपऱ्यांना टाचणीएवढी भोकं जवळजवळ ठरलेली. अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च सरकवून बघा, चांदण्या दिसतील. झाइस इकॉनच्या इकॉन्टाचे भाते मात्र सत्तर-सत्तर वर्षांचे असून धड निघतात.

मामिया सी३३० ला पण भाता आहे, वाशिष्ठीकाठ. टॉर्च तिथेही मारा. पण तुमच्या तिघांत दीर्घायुषी तोच. त्याच्या प्रत्येक लेन्सच्या जोडीत स्वतंत्र शटर असतं. एक बिघडलं तर जोडी बदलायची, कॅमेरा चालूच.

पहिलारोल

मी नागपूरची, वय २२. फोन आणि डिजिटलवर शिकले, आता १२० वर यायचंय. सगळे याशिका १२४जी घ्या म्हणतात पण त्याची किंमत ऐकून थबकले. आणि एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचे विचारतात, त्यांना काय सांगू?

बाराफ्रेम

घरच्यांना निगेटिव्ह हातात द्या. ३५ एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर. ही साधारण ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. खिडकीला धरली तरी चेहरे ओळखू येतात, छापायचीही गरज नाही. कोडॅकने हा १२० रोल १९०१ला ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला, आणि आज तुम्ही घेतलेला नवा रोल त्या काळच्या कॅमेऱ्यातही बसतो.

१२४जीला जास्त पैसे लोक नावाला आणि प्रकाश मोजणाऱ्या मीटरला देतात. त्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. औषधाच्या दुकानात श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मिळतो, त्याला रबराची रिंग लावून काम भागतं. साधा अल्कलाइन टाकलात तर व्होल्टेज जास्त पडून रीडिंग चुकतं. पण खरं सांगू? फोनवरचं मीटर पुरतं. मीटर नसलेला जुना याशिका मॅट किंवा याशिका डी बघा. डी मध्ये फिल्म बटणाने ओढायची, शटर हाताने कॉक करायचं. शिकायला ते उत्तम, कारण प्रत्येक पायरी हातातून जाते.

हॅसलब्लाडचा मोह पहिल्याच वर्षी आवरा. चांद्रमोहिमांवर गेलेला कॅमेरा म्हणून त्याचं आकर्षण मला कळतं. पण त्याची लेन्स आणि बॉडी दोन्ही कॉक असतानाच जोडावी लागतात. एक कॉक, एक सुटलेली अशी जोडी लागली की जाम, आणि मग न घाबरता ती सोडवायला सवयीचा हात लागतो.

पहिलारोल

खूप आभार. निगेटिव्हचं पटलं. आणि रोल धुणं? आमच्याकडे मे मध्ये नळाचं पाणी बत्तीसच्या खाली येत नाही.

निशिगंधा_के

बर्फाच्या बाटल्या, अजून काय! एचपी५ फिल्मला आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं. आपण २० च्या मागे लागायचं नाही. परातीत पाणी, त्यात बर्फाची बाटली, आणि त्याच परातीत डेव्हलपर, हायपो (फिल्म पक्की करायचं द्रावण) आणि धुण्याचं पाणी यांची भांडी एकत्र ठेवून सगळं २४ वर आणायचं. तिथे साधारण ९ मिनिटं. महत्त्वाचं हे की शेवटच्या धुण्यापर्यंत सगळं जवळपास एकाच तापमानाला हवं. एकदा २४च्या डेव्हलपरमधून थेट ३२च्या नळाखाली रोल धरला आणि जिलेटिनला सुरकुत्या पडल्या, भेगाळलेल्या जमिनीसारख्या.

नागपुरात तुम्हाला एक सुख आहे, हवा कोरडी. आमच्याकडे जुलैत चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म भरायच्या पिशवीत) हात घातले की दोन मिनिटांत घामाने ओले, आणि प्लास्टिकच्या रीळवर फिल्म अर्ध्यात चिकटते. मी रीळ आधी ओव्हनशेजारी तासभर ठेवते.

कमानस्प्रिंग

उशिरा आलो धाग्यावर. कोल्हापुरात माझं घड्याळ आणि कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं, आता फक्त घरी जमेल तेवढं करतो. वाशिष्ठीकाठ, तुमच्या वडिलांनी पुरातून आल्यावर केलं ते शंभर टक्के बरोबर. लोक काय करतात, भिजलेला कॅमेरा उन्हात ठेवतात. पाणी जातं, गाळ राहतो. मग तो गाळ पॉलिश पेपरसारखा चालतो, जिथे फिरेल तिथे धातू खातो. आधी धुवायचा, मगच वाळवायचा.

पण त्यानंतर लगेच उघडायला हवा होता. चार वर्षं डब्यात म्हणजे आतल्या पोलादी भागांना गंज असणारच. पितळेला काही होत नाही. क्रॅंक पाव वळसा फिरते म्हणता, म्हणजे गाडी मोकळी आहे, कुठेतरी एकच जागा धरली आहे. मला पाठवता का? पैशाचं नंतर बघू. क्रॅंकला परत हात लावू नका.

वाशिष्ठीकाठ

काका, उद्याच माणसाबरोबर पाठवतो. रोलीकॉर्डही सोबत देऊ का?

कमानस्प्रिंग

द्या.

कमानस्प्रिंग

तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं. सगळ्यांनी वाचावं म्हणून इथेच लिहितो.

रोलीकॉर्डचं सोपं होतं. शटर धुतलं, एक सेकंद आता एक सेकंद आहे. फंगस पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला होती, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया थोडं थोडं मिसळून कापसाने काढली. हे मिश्रण कुणी बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू होतो. बिंदूएवढ्या दोन जागी कोटिंग गेलंय, फोटोत दिसणार नाही.

आता याशिका. पुढचं चामडं वाफ देऊन सोडवलं, खाली चार स्क्रू. एक गंजून बसला होता, त्याला दोन दिवस नॅप्थ्याचा थेंब देत राहिलो, तिसऱ्या दिवशी हलला. पुढची पाटी उचलली आणि आरशामागच्या कोपऱ्यात वाशिष्ठीची तांबडी माती, चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच. तुमच्या वडिलांनी तीनदा धुतला नसता तर मूठभर निघाली असती. शटरमध्ये माती नव्हती. गंज होता क्रॅंकच्या खालच्या एका पोलादी कमानीला, तिने दातेरी चाक धरून ठेवलं होतं. ती काढून दुसऱ्या मेलेल्या याशिकातली बसवली. माझ्याकडे असे पाच मेलेले आहेत, त्यांच्यावरच बाकीचे जगतात. नवे भाग मिळत नाहीत, म्हणून बिघडलेला कॅमेरा कुणी भंगारात घालू नका, दुरुस्ती करणाऱ्याला द्या.

आरसा गेला होता, नवीन कापून बसवला. दाराच्या फटीतला फोम काळ्या डांबरासारखा झाला होता, तो खरवडून काळी लोकर भरली. मीटर मेला आहे, त्याचा नाद सोडा. शेवटी फोकस. फिल्मच्या रुळांवर घासलेली काच ठेवून खालची, फोटो घेणारी लेन्स अनंतावर आणली. आमच्या गच्चीवरून पन्हाळा दिसतो, त्याच्या कड्यावर. मग तिच्याशी वरची, बघायची लेन्स जुळवली. क्रम हाच ठेवायचा. वरची लेन्स आधी धरली तर डोळ्याला सगळं स्पष्ट दिसतं आणि निगेटिव्ह मऊ येते.

ब्राउनश्वाइगकर

काका, हे वाचताना श्वास रोखला होता मी. तुमचं हे काम कुणी शिकतंय का तुमच्याकडे?

कमानस्प्रिंग

एक मुलगा शनिवारी येतो. इंजिनिअरिंगला आहे. हात चांगला आहे त्याचा.

जुनाबाजार_रविवार

काका, माझ्याकडचे न चालणारे तीन उरलेत. एक याशिका डी, दोन इझोलेट. तुमच्या त्या मुलाला शिकायला पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

वाशिष्ठीकाठ

आज खंडेनवमी. सकाळी पंचा अंथरला, तिन्ही मांडले. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला शेजारी बसवलं आणि मोजायला सांगितलं. एक सेकंदाला दहा वेळा घर्रर्र-टक. सातव्यानंतर तिचं मोजायचं चुकलं, मग आम्ही पुन्हा एकपासून मोजलं. हळदकुंकू केसला.

याशिकात गेल्या रविवारी रोल भरला होता, बारा फ्रेम. पहिल्या चार घरात, आईच्या. पुढच्या तीन गांधारेश्वराच्या पुलावरून नदीच्या. तिसरीत आई हसली आणि हलली असं मला वाटलं होतं, म्हणून तिची अजून एक घेतली. निशिगंधाताईंच्या पद्धतीने परातीत २४ अंशांवर धुतला. बाल्कनीच्या दांडीला क्लिप लावून टांगला तेव्हा आई आतून आली. चष्मा लावून ओल्या निगेटिव्हखाली उभी राहिली आणि म्हणाली, 'कडेला तो बारीक ओरखडा अजून येतोय बघ. लग्नाच्या सगळ्या फोटोंत असायचा. हे छापताना ब्रशने भरायचे.'

काका, तो ओरखडा दुरुस्त करू नका एवढंच सांगायचं होतं. उजव्या कडेला, खालून साधारण एक सेंटिमीटरवर आहे. स्कॅन झाले की इथे टाकतो. मामियात आता रोल भरतोय.